शेवटची मॅच एकदाच

बस्त्याव लोपीस हा मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत हट्टी हॉकी कोच. सर्वांत वाईट, असंही मी बरीच वर्षं म्हणत होतो आणि ते पुरतं मागे घ्यायला मी अजून तयार नाही. बहरीनमध्ये असताना माझ्या हिवाळ्यातल्या जवळजवळ सगळ्या शुक्रवारच्या दुपारी त्याच्या टीमच्या मागे गेल्या. त्या सगळ्या वर्षांत आमच्याकडे कप एकदाही आला नाही. टीम कच्ची असती तर माझी काही तक्रार नव्हती. टीम चांगली होती, हेच माझं दुखणं आहे.

तोंडावर मी त्याला 'कोच' म्हणायचो आणि 'तुम्ही' म्हणायचो. घरी आल्यावर बायकोपाशी मात्र 'तो लोपीस' म्हणून दातओठ खायचो. लिहितानाही हाताला तीच सवय लागलेली आहे, ती आता काही सुटायची नाही.

मी मूळचा खडकीचा. लहानपणी घराजवळच्या मैदानावर पलटणीतले जवान हॉकी खेळायचे आणि आम्ही मुलं कुंपणाला लटकून बघायचो. स्वतः मी कधी धड खेळलो नाही, पण बघितलं भरपूर, आणि बघणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळतं याबद्दल आमच्या खडकीत कुणाला शंका नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मनाम्यात बाब अल बहरीन या वेशीजवळच्या एका बँकेत अकाउंटंट म्हणून आलो तेव्हा पहिले काही शुक्रवार खायला उठले. ओळखी नाहीत, टीव्हीवरचं अरबी कळत नाही. असाच एकदा भटकत मीना सलमान बंदराच्या बाजूला गेलो, तर गोदामांच्या मागे मोकळ्या जागेत हॉकी चाललेली. मला अगदी माहेर भेटल्यासारखं झालं.

मैदान म्हणजे वाळू. तिच्यावर काळं तेल मारून रोलर फिरवलेला. बॉल पांढरा म्हणून सुरू व्हायचा आणि हाफटाइमपर्यंत डांबराच्या गोळीसारखा दिसायचा. पण खेळ बरा होता. म्हणजे एक माणूस सोडून. लेफ्ट आऊटला एक चांगला पोट सुटलेला गृहस्थ होता, त्याच्याकडे बॉल आला की तो आधी थांबायचा, मग बॉलकडे बघायचा, आणि तोपर्यंत बॉल दुसऱ्याचा झालेला असायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला राहवलं नाही. ओळख ना पाळख, मी लाइनीवरून ओरडलो, "अहो, त्या लेफ्ट आऊटला काढा की! दहा जणांत खेळताय तुम्ही!"

लाइनीवरून एक उंच, वाळलेलासा माणूस हात पाठीमागे बांधून बॉलच्या बरोबरीने येरझाऱ्या घालत होता. इस्त्रीची पांढरी पॅंट, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्याने वाजवलेली मी पुढे कधीच ऐकली नाही. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त पाठीमागचा डावा हात सोडवला आणि तळवा जमिनीकडे करून दोनदा खाली दाबला. बसा.

हाफटाइमला तो माझ्याकडे आला.

"पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"आल्या आल्या चूक काढलीत." त्याने हातातल्या संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली. "तो गॉडफ्रे. कॅन्सल झालाय. रविवारी जातो."

कॅन्सल होणं म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आखातात राहिलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. कंपनीचं काम संपलं, किंवा साहेबाची मर्जी फिरली, की व्हिसा रद्द होतो. पासपोर्ट हातात येतो, तिकीट हातात येतं आणि दहा-दहा वर्षं राहिलेला माणूस आठवड्याभरात गाशा गुंडाळून निघतो. खलास. लोपीसच्या टीमचा नियम असा होता की, टीममधला जो कुणी कॅन्सल होऊन जाणार, त्याने जाण्याआधीची मॅच खेळायची. राखीव खेळाडू असो, पोट सुटलेला असो, गुडघे गेलेले असोत. आणि थोडा वेळ नाही, पूर्ण मॅच खेळायची. त्या काळी मॅच बुलीने सुरू व्हायची. दोन्ही बाजूंचे दोन खेळाडू समोरासमोर उभे राहून जमिनीवर आणि एकमेकांच्या स्टिकवर तीनदा टकटक करायचे आणि मग बॉलसाठी झोंबायचे. ती बुलीसुद्धा जाणाऱ्यानेच घ्यायची, मग तो फुल बॅक का असेना. बुली घ्यायची आणि धावत धावत आपल्या जागेवर जायचं.

"आणि मॅच हरलात तर?" मी विचारलं.

"हरलो तर हरलो. यल्ला, चला, संत्रं खा."

तिथेच मी उठून घरी जायला हवं होतं. पण मी पुढच्या शुक्रवारीही गेलो आणि त्याच्या पुढच्याही.

लोपीस वसईचा. मीना सलमानमधल्या एका मोठ्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर. टीमही त्या वर्कशॉपचीच, पण हॉस्पिटलातला, हॉटेलातला कुणीही चांगला खेळणारा भेटला की लोपीस त्याला आणायचा. गावच्या माणसांशी तो वसईची बोली बोलायचा, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र अगदी शुद्ध, शाळेतल्या धड्यासारखी मराठी. मराठी शाळेत शिकलेला आणि मराठीतून प्रार्थना म्हणणारा माणूस. माझी मुलगी मीनल इंग्रजी शाळेत जायची आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. लोपीस तिच्याशी हटकून मराठीत बोलायचा आणि ती उत्तर मराठीत देईपर्यंत संत्र्याची फोड हातात धरून थांबायचा. संत्र्यासाठी ती 'हो' आणि 'नको' म्हणायला शिकली.

शुक्रवारी सकाळी मिस्सा आटोपला की तो चर्चमधून थेट मैदानावर यायचा. बरोबर एक कापडी पिशवी, तिच्यात संत्री. त्याचं कोचिंग म्हणजे बहुतांशी ही संत्रीच. हाफटाइमला बाकीचे कोच हातवारे करत मुलांवर खेकसायचे. हा संत्री सोलायचा. कुणाचं लेकरू आजारी होतं, ते बरं झालं का. कुणाच्या बहिणीचं लग्न कुठवर आलं. रजेवर कोण कधी चाललाय. दोन गोल खाऊन मुलं उभी आहेत आणि हा विचारतोय, "पीटर, तुझ्या आईचा मोतीबिंदू काढला का रे?" मी पाठीमागे उभा राहून केस उपटायचा बाकी असे. अंपायरची शिट्टी झाली की, "यल्ला, खेळा." एवढंच भाषण.

डावपेच म्हणाल तर एकच. पुश करा, मारू नका. बॉल जमिनीला धरून हळूच ढकलायचा, हा त्याचा धर्म. जोरात हिट मारलेली त्याला खपायची नाही. समोरचे लांब लांब हिट मारून बॉल आमच्या गोलासमोरच्या डीमध्ये आणून टाकायचे आणि आमचे अकरा जण एकमेकांना साखरपुड्याचे पेढे दिल्यासारखे बॉल सरकवत बसलेले. एकदा मी त्याला खोदून खोदून विचारलं, हे खूळ आलं कुठून? तेव्हा कळलं. लहानपणी वसईला ही मुलं देवळाच्या आवारात खेळायची. देऊळ म्हणजे तिकडे चर्च. नारळाच्या झावळीचा दांडा ही स्टिक. शेजारीच फादरचा बंगला, त्याला मोठमोठ्या काचा. जोरात मारलं की काच जायची आणि मग घरी वडिलांचा मार. म्हणून पुश.

"अहो कोच," मी म्हणालो, "इथे चारी बाजूंना वाळू आहे. काच कुठे आहे?"

त्याने खरोखर चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाला, "हात ऐकत नाही हो, बापटसाहेब."

पेनल्टी कॉर्नर आम्ही दर वेळी एकाच पद्धतीने घ्यायचो, आणि ती पद्धत मनाम्यातल्या पानवाल्यालाही पाठ झालेली होती. मी रात्री बसून बँकेच्या कोऱ्या कागदावर कॉर्नरच्या चार नव्या चाली काढल्या. बाण, फुल्या, सगळं. त्याला नेऊन दिल्या. त्याने अगदी मन लावून बघितल्या. "छान आहे," म्हणाला. हाफटाइमला बघतो तर माझ्या चालींमध्ये संत्र्याची सालं गुंडाळून ठेवलेली. मैदानावर घाण करायची नाही, हाही त्याचा नियम होता.

तरीसुद्धा आम्ही जिंकायचो, हे त्यातलं सगळ्यात चीड आणणारं. मुलं त्याच्यासाठी जीव टाकायची. रात्रपाळी करून डोळे चोळत यायची. आणि आमच्याकडे क्लेमंट होता. क्लेमंट हा वांद्र्याचा, हॉटेलात रिसेप्शनवर कामाला, आमचा सेंटर हाफ. असा सेंटर हाफ मी खडकीतसुद्धा क्वचित पाहिला. बॉल त्याच्या स्टिकला चिकटूनच जन्माला आलाय असं वाटायचं. क्लेमंटमुळे आम्ही दर मोसमात वरच्या दोन-तीन टीममध्ये असायचो. आणि मग नेमक्या महत्त्वाच्या मॅचला कुणीतरी कॅन्सल व्हायचं.

गंगारामची गोष्ट सांगतो. गंगाराम मालवणकडचा, मेसमध्ये स्वयंपाकी. टीममध्ये तो कायम राखीव. खरं म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायचा आणि हरवलेले बॉल शोधायचा. त्या वर्षी शेवटची मॅच पाकिस्तानी बँकवाल्यांच्या टीमशी होती आणि आम्हाला नुसती बरोबरी पुरली असती. बरोबरी केली की कप आमचा. बुधवारी कळलं की गंगाराम कॅन्सल झाला. गुरुवारी संध्याकाळी मी लोपीसच्या खोलीवर गेलो.

"कोच, या वेळेला नाही. त्याला निरोप द्या, पार्टी करा, मी माझ्या घरी जेवायला घालतो. पण मॅच नाही."

तो कॅंटीनच्या चहाचा ग्लास घेऊन बसला होता. "त्याने आयुष्यात एक मॅच खेळलेली नाही, बापटसाहेब. बाटल्या भरल्या नुसत्या."

"म्हणूनच म्हणतोय ना मी!"

"कप पुढच्या वर्षी पण असेल," लोपीस म्हणाला. "गंगाराम नसेल."

मी कपाळावर हात मारून घरी आलो.

शुक्रवारी गंगारामने बुली घेतली. नव्या कॅनव्हासच्या बुटांत, केसांना तेल लावून, देवाला निघाल्यासारखा. बुली हरला आणि फुल बॅकच्या जागेवर पळत गेला. पुढे खोटं कशाला बोलू, तो बरा खेळला. क्लेमंट त्याच्या पुढे भिंत बनून उभा होता. एक-एक अशी बरोबरी होती आणि मॅच संपतच आली होती. तेवढ्यात एक साधासा बॉल आला आणि गंगारामने तो पायाने अडवला. मेसमध्ये खाली पडलेला बटाटा अडवावा तसा. हॉकीत पाय चालत नाही. पेनल्टी कॉर्नर. गोल. कप गेला.

गंगाराम मैदानात बसून हुंदके देऊन रडला. लोपीसने त्याला उठवलं, त्याच्या तोंडावरची तेलकट वाळू स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाला, "अरे, पहिल्याच मॅचमध्ये कॉर्नर! मी तीन वर्षं खेळलो तेव्हा कुठे माझ्यामुळे पहिला कॉर्नर गेला." गंगाराम रडता रडता हसला. मला हसू आलं नाही. मी घरी जाऊन जेवलोही नाही. मीनल म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ गेम." तिलाही मी ओरडलो.

पुढचा मोसम सुरू झाल्यावरही दोन महिने मी मैदानाकडे फिरकलो नाही. मग नाताळात तोच आला. हातात डबा. त्याच्या बायकोने वसईहून कुणाबरोबर तरी पाठवलेल्या नेवऱ्या आणि कुलकुल. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा टाकला. लोपीस बराच वेळ मीनलच्या शाळेबद्दल बोलला. मग एकदम, काही कारण नसताना, फिलिपबद्दल बोलायला लागला.

फिलिप त्याच्या शेजारच्या गावचा. दोघं एकाच बोटीने आले, एका खोलीत राहिले, टीमसुद्धा दोघांनी मिळून काढली. एक दिवस लोपीस शिफ्ट करून परत आला तर फिलिपची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं होतं, संध्याकाळी विमानात बसवलं. कुणाला निरोप सांगायलाही वेळ नाही.

"शुक्रवारी मॅच होती. अंपायरने विचारलं, अकरावा कुठाय? कुणालाच माहीत नाही. पोरं म्हणतात, येत असेल. मला माहीत होतं, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आम्ही दहाच जण खेळलो." त्याने कपातला चहा हलवला. "माणूस इथून असा जाऊ नये हो, बापटसाहेब. स्टोअरमधून स्पेअर पार्ट बाहेर जातो त्याची पण कुणीतरी सही घेतो."

सुनंदाने पदराने डोळे पुसले. पण डोळे पुसून कप मिळत नाही, आणि त्या वेळीही माझ्या मनात हेच आलं. मी पुढच्या शुक्रवारी मैदानावर गेलो, एवढं खरं.

आणि मग क्लेमंट कॅन्सल झाला.

हॉटेलचा मालक बदलला, नव्या मालकाने जुनी माणसं काढली. सगळी टीम सुतक असल्यासारखी. क्लेमंटच्या शेवटच्या मॅचला दोनशे तरी माणसं असतील. समोरच्या टीमनेसुद्धा त्याला हार घातला. त्याने बुली घेतली, जिंकली, आणि त्या दिवशी तो असा खेळला की, मी ओरडायचं विसरलो. दोन गोल केले. मॅच संपल्यावर मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोपीसने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मीसुद्धा रडलो. त्याच्यासाठी आणि उरलेल्या मोसमासाठी.

पुढच्याच शुक्रवारी क्लेमंट किट घेऊन मैदानावर हजर. नव्या मालकाला रिसेप्शनवर बसायला तसा माणूस मिळेना, म्हणून शेवटच्या क्षणी व्हिसा परत चालू केलेला. मुलं नाचायला लागली. मी तर लांबूनच टोपी उडवली.

लोपीस त्याच्याकडे बघत राहिला. "तू इथे काय करतोयस?"

"कोच, व्हिसा मिळाला! राहिलो मी!"

"चांगलं झालं. देवाची कृपा." लोपीसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुझी शेवटची मॅच झाली."

आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्या दिवशी क्लेमंट बाहेर बसला. पुढच्या शुक्रवारीही बसला. टीमचा कॅप्टन पीटर, अंपायर, आणि चर्चमधले फादरसुद्धा लोपीसला समजावून थकले. मग मी गेलो, माझी तळपायाची आग मस्तकात गेलेली.

"अहो, तो गेलाच नाही! गेला नाही तर त्याची शेवटची मॅच झाली कशी?"

"ती त्याच्या हॉटेलाची चूक. माझी नाही."

"कोच, तो बहरीनमधला सगळ्यात चांगला सेंटर हाफ आहे!"

"माहीत आहे मला. मीच शिकवलंय त्याला."

"मग?"

लोपीस थांबला. त्याला राग फारसा यायचा नाही, पण त्या दिवशी आवाज चढला. "गंगारामने बुली घेतली, रडला, गेला. ती त्याची शेवटची मॅच. आता मी क्लेमंटला परत घेतलं तर ती काय नाटक होती? मग गंगाराम काय खेळला? गॉडफ्रे काय खेळला? शेवटची मॅच एकदाच असते. दोनदा असेल तर ती शेवटची नाही. खलास."

त्याच्या डोक्यात हे गणित पक्कं होतं आणि त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. मोसमाच्या मध्याला क्लेमंट सलमाबादच्या गॅरेजवाल्यांच्या टीममध्ये गेला. त्याचा काय दोष? खेळणारा माणूस किती दिवस बाहेर बसणार? पुढल्या वर्षी त्याने आमच्यावरच गोल मारले. आणि हाफटाइमला आमच्या बाजूला येऊन लोपीसच्या पिशवीतलं संत्रं खाल्लं. लोपीस त्याच्यासाठी पिशवी चाचपून सगळ्यात गोड निघेल ते काढायचा. दोघांमध्ये काडीची कटुता नाही. कटुता काय ती माझ्या एकट्याच्या वाट्याला आली होती.

ऐंशीच्या दशकाचा मध्य सरला आणि तेलाचे भाव पडले. कंपन्यांनी भराभर माणसं काढायला सुरुवात केली. एरवी मोसमात दोन-तीन शेवटच्या मॅचेस व्हायच्या. आता जवळजवळ दर शुक्रवारी एक असायची. बुलीचा नियम तोवर बदलला होता, मॅच साध्या पासने सुरू व्हायची, पण लोपीसने अंपायरना गळ घातली होती आणि जाणाऱ्यासाठी आमच्या मॅचला बुली चालू राहिली. समोरच्या टीमही रोडावल्या होत्या म्हणून की काय, त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर सलमाबाद. म्हणजे क्लेमंट.

फायनलच्या आठवड्यात पीटरचा बँकेत फोन आला. "अंकल, कोच कॅन्सल झाला."

मी फोन ठेवला. मग एक गंमत झाली. इतकी वर्षं ज्या नियमाला मी शिव्या घातल्या, तो पाळला जावा म्हणून मीच पुढे झालो. कोचने खेळायलाच पाहिजे. वय झालंय, गुडघे दुखतात, गोल खाऊ, हरू; हरलो तर हरलो. बाब अल बहरीनच्या मागच्या शिंप्याकडून मी टीमच्या रंगाचा शर्ट शिवून घेतला. अंपायरना बुलीचं सांगून ठेवलं. सुनंदाने लाडू केले. क्लेमंटला निरोप गेला, तर तो म्हणाला, त्यांच्या बाजूने बुलीला तोच उभा राहणार.

शुक्रवारी लोपीस नेहमीप्रमाणे मिस्साहून आला. तीच पॅंट, तीच पिशवी. मी शर्ट पुढे केला. त्याने तो हातात घेतला, शिलाई बघितली, "छान शिवलाय," म्हणाला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मग अकरा नावं वाचली. त्यांत त्याचं नाव नव्हतं.

ते अकरा जण मी निवडले असते तेच होते. एकूण एक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने सगळ्यात चांगली टीम उतरवली होती.

"कोच, हे काय?" मी म्हणालो. "तुम्ही?"

"आज जिंकायचंय, बापटसाहेब. तुम्हीच म्हणता ना?"

मी काय म्हणत होतो आणि काय नाही, हे त्या क्षणी मलाच कळेना. क्लेमंट मैदानाच्या मध्यावर बुलीसाठी येऊन उभा होता, आमच्या बाजूला बघत होता. लोपीसने त्याला हातानेच सांगितलं, पास घ्या, सुरू करा.

मॅचचं काय सांगू? सगळी चांगली मुलं घेऊन आम्ही हरलो. हाफटाइमला एक-एक होतं, मग क्लेमंटने डीच्या टोकावरून एक हिट मारली, पुश नव्हे, हिट, आणि बॉल फळीवर असा आदळला की, आवाज गोदामांवरून परत आला. आमची एक बदली शिल्लक होती. थोडाच वेळ उरला होता. मी लाइनीवरून ओरडायला लागलो. "कोच, उतरा! अजून वेळ आहे! उतरा!" माझं बघून मुलंही ओरडायला लागली. समोरच्या टीमचे लोक ओरडायला लागले. सगळं मैदान त्याला उतरा म्हणत होतं आणि तो हात पाठीमागे बांधून बॉलच्या बरोबरीने चालत होता. त्याने डावा हात सोडवला आणि तळवा खाली दाबला. बसा, बापटसाहेब.

मॅच संपल्यावर तो सालं गोळा करत होता. मी रागाने त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. कपाचा राग नव्हता तो, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

"का नाही उतरलात?"

"सलमाबाद चांगले खेळले."

"मी ते विचारत नाही. तुमची शेवटची मॅच होती. गंगारामला दिलीत, गॉडफ्रेला दिलीत, ज्याला स्टिक धरता येत नाही त्याला दिलीत. तुमची कुठाय?"

त्याने पिशवीचं तोंड बांधलं. माझ्याकडे न बघता बोलला. "ऑफिसात साहेब म्हणाले, काम आलं की परत बोलावू. इंशाल्ला म्हणाले."

"बरं मग?"

"मग काय? आज खेळलो असतो तर परत आल्यावर बाहेर बसावं लागलं असतं. क्लेमंटसारखं. नियम मीच केलाय ना?"

ऑफिसातल्या त्या इंशाल्लाचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. तो त्यालाही माहीत होता. निघून गेलेल्या इतक्या माणसांपैकी परत बोलावलेला एकही माणूस आम्ही पाहिला नव्हता, आणि त्यालाही पुढे कुणी बोलावलं नाही. नियम मोडायचाच होता तर क्लेमंटसाठी मोडायचा. मोडायचा नव्हता तर स्वतःसाठी पाळायचा. त्याने दोन्ही केलं नाही. आपल्यापुरती एक फट मात्र ठेवली, आणि आम्हाला त्याला नीट निरोपही देऊ दिला नाही. टीमची मुलं शर्ट-बुली-लाडू घेऊन तशीच उभी राहिली होती.

मुहर्रकच्या विमानतळावर मी एकटाच गेलो होतो. विमान कामाच्या दिवशी सकाळचं होतं, मुलांना शिफ्ट सोडून येणं जमलं नाही. मी बँकेत दात दुखतो म्हणून सांगितलं. लोपीसने कोट घातला होता, तो त्याला खांद्यांत सैल होत होता. संत्र्याची पिशवी हातात होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही, पण वरून शर्टाची बाही दिसत होती. आम्ही मीनलच्या परीक्षेबद्दल बोललो. पुढच्या मोसमाबद्दल बोललो. पीटरला थोडा मागे खेळवा, म्हणाला, तो फार पुढे जातो. मग आत जायची वेळ झाली, हात मिळवला आणि तो पासपोर्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

रांग हळूहळू पुढे सरकत होती. तो हात पाठीमागे बांधून उभा होता. खिडकीतल्या माणसाने त्याचा पासपोर्ट घेतला, पान उघडलं, आणि शिक्का उचलला. मला एकदम सहन होईना. मी तिथूनच, सगळ्या लोकांच्या देखत, मैदानावर ओरडायचो तसा ओरडलो, "कोच!"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. डावा हात सोडवला आणि तळवा दोनदा खाली दाबला.

तिथे बसायला कुठे जागाही नव्हती. मी तसाच उभा राहिलो, तो आत दिसेनासा झाल्यावरही, आणि मला त्याचा इतका राग आला होता की, मला डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं.